पिशवीची सळसळ

थोरल्या सुनेने रविवारी सकाळी सासूबाईंकडे येऊन, त्या आंघोळीला गेल्याचं पाहून, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पिशव्यांवर धाड घातली. त्या दिवशीच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे, हे पुढे घरातला प्रत्येक जण आपापल्या सोयीने विसरला.

धाड तिच्या मनात लग्न होऊन आली तेव्हापासूनच होती. आईंच्या घरात पिशवी टाकत नसत. दुकानातून आलेली प्रत्येक पिशवी धुतली जायची, ओट्यावरच्या फरशीला चिकटवून वाळवली जायची, त्रिकोणी घडी होऊन दारामागच्या मोठ्या पिशवीत जायची आणि तिथून तिचा दुसरा जन्म सुरू व्हायचा. कचऱ्याच्या डब्याला अस्तर पिशवीचं. उरलेल्या भातावर झाकण पिशवीचं. खिडकीच्या फटीत पिशवीची गुंडाळी, फाटक्या उशीत पिशव्यांच्या चिंध्या, आणि पावसात मुलांच्या मोज्यांवर, बुटांच्या आत, पिशव्या. तिन्ही मुलं वर्गात शिरली की त्यांच्या पायांचा आवाज आधी शिरायचा. गल्ली आईंना पिशवीकाकू म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नसे. "हसू देत की. जन्मात एक पिशवी विकत घेतली नाही मी. घेतली असती तर यांचे दात दिसले नसते, पण माझ्या पोरांच्या वह्या कुठून आल्या असत्या?"

हे जुनं. पण बाबा गेल्यापासून प्रकरण हाताबाहेर गेलंय, असं थोरलीचं मत होतं. आता गॅसच्या बटणांना पिशव्या बांधलेल्या. जिन्याच्या कठड्याच्या शेवटच्या खांबाला पिशवी. प्रत्येक दाराच्या कडीला पिशवी, त्यामुळे कोण कुठे गेलं-आलं याची सगळ्या घराला सळसळ. साखर एका जाड पिशवीत, मीठ पातळ पिशवीत, धुण्याचा सोडा कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घातलेल्या दुसऱ्या पिशवीत. नवऱ्याजवळ ती स्पष्टच बोलली होती, "ही काटकसर नाही हं. हा आजार आहे."

थोरली औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. बरणी, लेबल, फळी यांवर तिची श्रद्धा होती. तिने सगळ्या एका मापाच्या, एका झाकणाच्या कोऱ्या बरण्या आणल्या होत्या. पिशव्या रिकाम्या झाल्या, बरण्या भरल्या. खायचं सगळं वरच्या फळीवर आणि धुण्या-पुसण्याचं खालच्या कपाटात, हा तिच्या दुकानातला नियम तिने इथेही लावला आणि वर ठळक लाल अक्षरांत लेबलं चिकटवली. बटणांच्या, कड्यांच्या पिशव्या कात्रीने कापल्या. सगळा माल पोत्यात कोंबून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ठेवला, तेव्हा तिला अगदी हलकं वाटलं.

आई बाहेर आल्या. दाराच्या कडीवर त्यांचा हात गेला आणि तिथेच राहिला.

"पिशव्या?" त्यांनी विचारलं.

"पोत्यात भरल्यात, आई. अजून टाकल्या नाहीत. पण मी आधीच सांगते—" थोरलीची वाक्यं पाठ होती. आईंच्या प्रत्येक वाक्याला तिच्याकडे दोन तयार होती.

आईंनी एक बरणी उचलली. हातात फिरवली. झाकणावरून अंगठा नेला आणि ती जिथल्या तिथे ठेवली.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.

थोरलीच्या हातातलं भांडणच गेलं. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना. सकाळभर ती उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली.

*

दुपारी सगळे जमले. संध्याकाळी घरमालक येणार होता. घराचा करार संपत होता आणि त्याला आज उत्तर हवं होतं: आई राहणार की घर सोडणार. 'कळवतो' हे उत्तर त्याने दोनदा ऐकून घेतलं होतं, तिसऱ्यांदा ऐकणार नाही असं बजावलं होतं.

"यात ठरवायचंय काय?" थोरला म्हणाला. तो लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होता. माणसं आत अडकलेली असताना बाहेरून शांतपणे बोलायची त्याला सवय होती, आणि घरातही तो तसाच बोलायचा. "आई आमच्याकडे येते. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, पोर शाळेतून रिकाम्या घरात येते. आईलाही माणसात बरं वाटेल."

"म्हणजे तुला आई नकोय, राखण हवीय," ताई म्हणाली.

ताई मधली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर दुसऱ्याच्या हातात चाक देऊन आपण ब्रेकवर पाय ठेवायचा, या धंद्याने तिचा पाय घरातही स्वस्थ बसत नसे. आत्ताही तो खुर्चीखाली हलत होता.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," थोरला म्हणाला. "तुला हे घर का हवंय ते मला माहीत नाही का? नवऱ्याशी वाजलं की यायला जागा पाहिजे."

"असेल. मग? माझं माहेर आहे हे. तू तुझं बघ."

ताईला ते लागलं, कारण ते खरं होतं. पण त्याहून जास्त तिला एक दुसरीच गोष्ट सलत होती, आणि ती भावाला सांगण्यासारखी नव्हती. वर्षभर झालं, आई तिच्या तोंडाकडे बघत नव्हती. बोलताना मान बाजूला वळवायची, नजर कुठेतरी कानाच्या पलीकडे. मागच्या खेपेला ताई इथे आठवडाभर येऊन रडून गेली, तेव्हाही तसंच. लेक सारखी माहेरी येते हे आईला आवडत नाही, असा अर्थ तिने लावला होता. आणि तरीही ती आईच्या बाजूने भांडत होती. आई राहिली तर घर राहील, घर राहिलं तर कधीतरी आई पुन्हा नीट बघेल.

"धाकट्या, तू बोल काहीतरी," ती म्हणाली.

धाकट्याचं केस कापायचं दुकान होतं. तिथे दिवसभर तो गिऱ्हाईकाच्या हो ला हो करायचा. "दादाचंही बरोबर आहे," तो म्हणाला, "आणि तुझंही बरोबर आहे."

"आणि वहिनीचं?"

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. ती खिडकीच्या फटीशी उभी होती. पिशव्या काढल्यामुळे तिथून वारा आत येत होता आणि भिंतीवरचं कॅलेंडर एकसारखं आपटत होतं.

"आईंना जिथे बरं वाटेल तिथे राहावं त्यांनी," ती म्हणाली.

थोरल्याने चमकून पाहिलं. बायको आपल्या बाजूची आहे असं तो धरून चालला होता. तिच्या मनात मात्र स्वतःचं स्वयंपाकघर होतं, रिकामं आणि चकचकीत, आणि त्याच्या प्रत्येक कडीला लटकलेली एकेक पिशवी. हे तिला कबूल करवत नव्हतं, पण दडवताही येत नव्हतं.

"माझं मला विचारा की कुणीतरी," आई दारातून म्हणाल्या. कधी आल्या ते कुणाला कळलं नव्हतं. "मी कुठे जात नाही. हातपाय धड आहेत, माझं मी करते. बसा, चहा टाकते."

"मी टाकते, आई," थोरली म्हणाली.

"बस तू. माझ्या घरात आहेस."

*

ओट्यासमोर उभं राहून आईंनी दोन्ही हात टेकवले आणि श्वास सोडला. हे घर त्यांना पाठ होतं. म्हणजे कालपर्यंत पाठ होतं.

दिसतच नाही असं नव्हतं. कडेकडेचं दिसायचं. खिडकीचा उजेड, कपाटाची कड, माणूस आला-गेला हे कळायचं. पण जिथे बघावं नेमकं तिथेच कुणीतरी ओलं बोट फिरवल्यासारखं पुसलेलं. अक्षर गेलं, सुईचं नाक गेलं, मग मुलांचे चेहरे गेले. डॉक्टरांकडे त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळू, म्हणाले. त्यांनी दिलेलं औषध त्या नेमाने डोळ्यांत घालत होत्या.

कुणाला सांगायचं? सांगितलं की आपण माणूस राहत नाही, प्रश्न होतो. त्यांच्या स्वतःच्या सासूचं तसंच झालं होतं. दर महिन्याला त्या म्हातारीची वळकटी एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायची आणि म्हातारी वळकटीच्या मागून. आईंनीच ती वळकटी बांधून दिली होती, प्रत्येक वेळी.

मग त्यांनी पिशव्यांना कामाला लावलं. जाड पिशवी करकरते, ती साखर. पातळ चुरचुरते, ते मीठ. बटण बंद असलं की पिशवीची गाठ वर, चालू असलं की गाठ बाजूला. खांबाची पिशवी हाताला लागली की जिना संपला. कडीची पिशवी वाजली की कुठलं दार, कुणाची चाल, ते कळतं. आणि कुणाला शंका आली नाही. पिशवीकाकूच्या घरात चार पिशव्या जास्त दिसल्या तर कोण विचारणार? जन्मभराच्या चेष्टेचा असा उपयोग होईल हे त्यांनाही वाटलं नव्हतं.

आता बटण गुळगुळीत होतं. गॅस त्यांनी अंदाजाने पेटवला. चहापूड वासावरून मिळाली. साखर नेहमी कुठे असते? खाली, शेगडीशेजारच्या कपाटात, पुढेच. हात तिथे गेला. बरणी होती. झाकण उघडून चिमूट घेतली. दाणेदार, कोरडं. बाहेर ताईचा आवाज चढत होता, "आईला एकटीला जमतंय, तर तुझं काय दुखतंय?" चाखून बघायला हवं होतं. पण लेक बाहेर त्यांच्यासाठी भांडत होती, आणि चहा आता, लगेच, रुबाबात बाहेर जायला हवा होता. त्यांनी चमचे भरून घातलं. स्वतःसाठी, नेहमीप्रमाणे, बिनसाखरेचा आधीच वेगळा काढला होता.

*

पहिला घोट धाकट्याने घेतला आणि तो तसाच कपात परत आणला. थोरल्याने गिळला आणि खोकत उठला. ताई मोरीकडे धावली.

"गिळू नका! चुळा भरा, सगळ्यांनी!" थोरली ओरडली. कप नुसता ओठाला लावताच तिला कळलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर उघडी बरणी दिसली. लाल अक्षरांत, 'धुण्याचा सोडा'.

"अगं आई!" धाकटा तोंड पुसत तिच्या मागे आला, बरणी पाहून हसायलाच लागला. "आंधळ्यालासुद्धा दिसेल एवढं मोठं लिहिलंय की!"

आई हसल्या नाहीत. त्या उभ्या होत्या, आणि त्यांचा हात ओट्याच्या कडेवरून हळूहळू काहीतरी शोधत सरकत होता. काय ते थोरलीला दिसलं. गॅसचं बटण. आणि गॅस तर केव्हाचा बंद होता.

काउंटरवर रोज एक तरी माणूस असा येतो. गोळ्यांची पट्टी नाकाशी नेतो, लांब धरतो, मग सहज विचारल्यासारखं म्हणतो, "चष्मा घरी राहिला, तुम्हीच वाचा हो." आवाजात तेवढी एक घाई असते. थोरलीने ती घाई ओळखायला शिकायला बरीच वर्षं घालवली होती. आणि स्वतःच्या सासूच्या 'बरं केलंस' मध्ये ती तिला ऐकू आली नव्हती.

"भावोजी, तुम्ही बाहेर जा," ती म्हणाली. "चुळा भरा आधी."

तो गेल्यावर तिने दोन बरण्या आईंपुढे ठेवल्या. "आई, यातली साखर कुठली?"

आईंनी एकेका झाकणावरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. बाहेर कॅलेंडर आपटत होतं.

"कधीपासून?" थोरलीने विचारलं.

"हळू बोल."

"कधीपासून, आई?"

"हे होते तेव्हाच सुरू झालं होतं. त्यांना सांगितलं नाही, ते आधीच अंथरुणाला खिळलेले." आई कोरड्या आवाजात बोलत होत्या. "तुझ्या बरण्या चांगल्या आहेत गं. हाताला सगळ्या सारख्याच लागतात, एवढंच."

थोरलीला एकदम रडू आलं. सकाळची कात्री तिच्या डोळ्यांपुढे होती. एकेका कडीची पिशवी तिने कापली होती, आणि वरून हात झटकले होते.

बाहेर मात्र पारडं फिरलं होतं. "एकटी नाही राहू शकत ती," ताई म्हणत होती. "उद्या गॅस चालू राहिला तर? दादा, तू म्हणतोस तेच बरोबर." आणि थोरला, आता जिंकल्यामुळे मोकळा होऊन, बायकोवर घसरला. "पण सोडा तिथे ठेवलाच कुणी? सांगितलं होतं तुला, लोकांच्या घरात हात घालू नकोस म्हणून. पोर असती इथे म्हणजे? तिने प्यायला असता म्हणजे?"

"चुकलं माझं," थोरली आतूनच म्हणाली. "साखरेच्या जागी मीच ठेवला."

"अगं, औषधाच्या दुकानात काम करतेस आणि एवढी अक्कल—"

"तिला बोलू नकोस," आई म्हणाल्या. भिंतीला हात लावत त्या बाहेर आल्या आणि खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. "बरणीवर लिहिलेलं आहे. मला वाचता आलं नाही. मला दिसत नाही."

ताई आईच्या समोर आली.

"दिसत नाही म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे तू समोर आहेस ते कळतं. तोंड दिसत नाही. जरा बाजूला बघितलं तर तुझे केस तरी दिसतात, म्हणून बाजूला बघते."

ताई खाली बसली. तोंडावर हात ठेवून ती रडली, मोठ्याने, लाज न बाळगता. वर्षभर तिने त्या वळवलेल्या मानेचा केवढा राग केला होता.

पण रडणं ओसरलं तशी खोलीत वेगळीच चुळबुळ सुरू झाली. थोरल्याने घसा साफ केला. "आमच्याकडे जिना चढून यावं लागतं," तो म्हणाला. "आणि दिवसभर घरात कुणीच नसतं. म्हणजे, आता नुसतं येऊन राहणं वेगळं आणि..." तो थांबला. ताई नाक पुसत म्हणाली, "माझ्याकडे नेलं असतं गं आई, पण माझ्या घरातलं तुला माहीतच आहे." धाकट्याने एक बरी जागा ऐकली होती, स्वच्छ आहे म्हणतात, बाग आहे, त्याच्या एका गिऱ्हाइकाची आई तिथेच असते. तिघांच्याही बोलण्यात प्रेम होतं, खोटं नव्हतं ते. आणि तिघंही एकेक पाऊल मागे सरकत होती.

आई मधोमध तशाच उभ्या होत्या. खुर्च्या इकडच्या तिकडे झालेल्या, चपला-बूट वाटेत पडलेले, कप कुठेतरी जमिनीवर ठेवलेले. त्यांना एक पाऊल टाकायचा धीर होईना. त्यांच्या कानात ती जुनी वळकटी घसटत होती.

दाराची घंटी वाजली.

"घरमालक," धाकटा म्हणाला, आणि कुणीच उठलं नाही.

स्वयंपाकघरात पोतं सांडल्याचा आवाज झाला. थोरलीने पिशव्यांच्या ढिगात दोन्ही हात घातले होते. ही नाही, ही पातळ, ही मऊ. बुटांच्या दुकानाची एक जाड, टणक पिशवी तिला सापडली. हातात दाबताच खणखणीत वाजली. ती तिने मनगटाला घट्ट बांधली, गाठ दाताने ओढली, आणि बाहेर आली. चालताना पावलागणिक सळसळ, पावलागणिक सळसळ. वाटेतले बूट तिने पायाने बाजूला सारले.

आईंची मान तिच्या दिशेने वळली, अगदी नेमकी.

"ही कुठली गं?" त्यांनी विचारलं.

"बुटांची. आजपासून माझी."

"फाटेल दोन दिवसांत."

"फाटू दे. पोतंभर आहेत. माझ्या घरी कुठे कुठली बांधायची ते तुम्ही सांगा, मी बांधते. बरण्यांनासुद्धा."

"अगं, पण दिवसभर—" थोरला म्हणाला.

"दिवसाचं आपण दोघं बसून बघू. रात्री, कामावरून आल्यावर. पळणार नाही तुम्ही," ती त्याला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"तुझं घर मला पाठ नाही," आई म्हणाल्या. इतक्या हळू, की ते तिच्याशिवाय कुणाला ऐकू आलं नाही. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भीती होती.

"करून घेऊ पाठ. तोवर मी वाजत राहते."

घंटी पुन्हा वाजली. थोरली दाराकडे निघाली, हात जरा जास्तच हलवत. आई त्या आवाजामागून निघाल्या, भिंतीला हात न लावता, आणि तिन्ही मुलं आपापल्या जागी उभी राहून बघत होती. दार उघडलं.

"मग, काय ठरलं?" घरमालकाने विचारलं. "राहताय की सोडताय?"

"सोडते," आई म्हणाल्या.

"अच्छा. आणि जाणार कुठे?"

आईंनी हात पुढे केला. सळसळ झाली तिथे तो बरोबर पोचला आणि पिशवी बांधलेलं मनगट त्यांच्या मुठीत आलं.

"हिच्या मागे," त्या म्हणाल्या.